माशी स्पष्ट, हरीण धूसर

वडपे फाट्यावर मुंबई-नाशिक महामार्गाच्या कडेला उभं राहिलं की गोदामांच्या रांगा दिसतात. लांबच्या एखाद्या गोदामाच्या शटरवर रंगवलेला आकडा निवडा, हात पूर्ण ताणा, एक डोळा मिटा आणि अंगठ्याचं नख त्या आकड्याच्या बरोबर खाली आणा. आता आकडा वाचा. वाचता येतो, पण नखाच्या कडा विरघळलेल्या दिसतात. मग नखावरची पांढरी चंद्रकोर बघा. ती दिसते आणि तिकडे आकडा पुसट होतो. दोन्ही एकाच वेळी स्वच्छ बघायचा कितीही हट्ट धरा, जमत नाही. फार तर नजर इकडून तिकडे झपाझप उड्या मारते आणि दोन्ही दिसल्याचा भास होतो.

एरवी यावाचून कुणाचं काही अडत नाही. पण बंदुकीवर दुर्बीण नसेल आणि नुसत्या लोखंडी माशीने नेम धरायचा असेल, तर सगळं याच एका अडचणीपाशी येऊन थांबतं. याच रस्त्याने पडघा, वासिंद, आसनगाव करत पुढे गेलं की शहापूरच्या बाजूला तानसा अभयारण्याचं रान लागतं. तिथे सांबर आहे, भेकर आहे. आज त्यांच्यावर बंदूक रोखणं हा गुन्हा आहे. ते पुढे येईलच. मात्र शंभर वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या पायथ्याच्या रानांत बंदुकीने जी शिकार होई, ती बहुतेक उघड्या माशीनेच होई. त्या शिकाऱ्याला समोरचं हरीण कसं दिसत असेल? नेम बरोबर लागलेला असेल, तर ते त्याला नीट दिसत नसे.

तीन वस्तू, एक रेघ

बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी वरच्या अंगाला एक छोटा उभा खुंट किंवा मणी असतो. ती माशी. डोळ्याकडच्या बाजूला, नळीवरच बसवलेल्या आडव्या पट्टीत एक खाच कोरलेली असते. रेंजवर आणि एनसीसीत यांना फोरसाइट आणि बॅकसाइट म्हणतात. यंत्र म्हणावं असं यात काहीच नाही. हलणारा भाग नाही, काच नाही.

कृतीही सांगायला सोपी. माशी खाचेच्या बरोबर मधोमध आणायची, म्हणजे तिच्या डाव्या-उजव्या अंगाला उजेडाच्या सारख्या रुंदीच्या फटी दिसल्या पाहिजेत. माशीचा माथा आणि खाचेची वरची कड एका पातळीत हवी. ही जोडी जमली की ती तशीच धरून माशीचा माथा सावजावर न्यायचा आणि चाप हळूहळू दाबायचा.

गवंडी भिंतीची ओळ धरताना दोन खुंट्यांना दोरी ताणतो. खुंट्या लांबलांब असल्या आणि एखादी बोटभर सरकली तर ओळ फारशी बिघडत नाही. पण दोन्ही खुंट्या हातभर अंतरावर ठोकल्या आणि त्यांच्या भरवशावर अंगणाच्या पार टोकापर्यंत रेघ नेली, तर तीच बोटभर चूक तिकडे कितीतरी पटींनी वाढलेली सापडते. बंदुकीत खाच आणि माशी या त्या दोन खुंट्या आहेत, आणि अंगण शंभर मीटरचं आहे.

अर्ध्या मिलिमीटरची किंमत

हिशेब करून पाहू. खाच आणि माशी यांच्यात ५० सेंटिमीटर अंतर आहे असं धरा. माशी खाचेच्या मध्यापासून अर्धा मिलिमीटर उजवीकडे राहिली. अर्धा मिलिमीटर म्हणजे वहीच्या साधारण पाच पानांची जाडी. सावज १०० मीटरवर असेल तर हे अंतर ५० सेंटिमीटरच्या २०० पट आहे, म्हणून चूकही २०० पट होते. गोळी १० सेंटिमीटर उजवीकडे जाते. ५० मीटरवर हीच चूक ५ सेंटिमीटरची.

पिस्तुलात हे जास्तच जाचतं, कारण तिथे दोन्ही खुंट्या फार जवळ. २५ मीटर पिस्तूल या ऑलिंपिक प्रकारात खाच ते माशी हे अंतर जास्तीत जास्त २२ सेंटिमीटर ठेवता येतं. अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीने २५ मीटरवर गोळी साडेपाच सेंटिमीटरहून थोडी जास्त भरकटते. संथ फेरीच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ ५ सेंटिमीटर व्यासाचं असतं. मध्यावर रोखलेली गोळी दहाऐवजी आठात जाऊन बसते, आणि नेमबाजाला वाटतं की आपला हात हलला.

हात हलणं ही वेगळी चूक आहे, आणि नवशिक्यांची गल्लत इथेच होते. माशी-खाचेची जोडी अचूक जमलेली असेल आणि ती जोडी लक्ष्यावर पाच सेंटिमीटर इकडेतिकडे डुलत असेल, तर गोळीही पाच सेंटिमीटरच इकडेतिकडे पडेल. जेवढं डुलणं दिसतं तेवढंच नुकसान. जोडीतली चूक मात्र डोळ्यासमोर असते केसाएवढी आणि लक्ष्यावर जाऊन होते वीतभर. हात थरथरतो म्हणून नाउमेद झालेल्या पोराला प्रशिक्षक सांगतात की थरथर राहू दे, फटी सारख्या आहेत का ते बघ.

डोळ्याचा नंबर

आता मुख्य अडचण. खाच डोळ्यापासून साधारण ३५ सेंटिमीटरवर, माशी ८० सेंटिमीटरच्या आसपास, आणि सावज पन्नास-शंभर मीटरवर. डोळ्यातलं भिंग एका वेळी एकाच अंतराला जुळतं. लांबचं बघताना डोळ्याचे स्नायू सैल आणि भिंग चपटं असतं. जवळचं बघायचं तर स्नायू आवळून त्याला फुगवावं लागतं. किती फुगवायचं हे आपण चष्म्याच्या भाषेत मोजू शकतो. लांबची वस्तू शून्य नंबर धरली, तर माशीसाठी डोळ्याला सव्वा नंबर जास्तीचा आणावा लागतो आणि खाचेसाठी जवळजवळ तीन.

ज्या अंतराला भिंग जुळलेलं नाही, तिथला प्रत्येक बिंदू पसरून ठिपका होतो. ठिपका किती मोठा हे दोन गोष्टींवर ठरतं: नंबरातला फरक किती आणि डोळ्याची बाहुली किती उघडी. भर उन्हात बाहुली दोन मिलिमीटरपर्यंत आकसते. तेव्हा माशीवर नजर जुळवली, तर शंभर मीटरवरचा प्रत्येक बिंदू सुमारे २५ सेंटिमीटरचा ठिपका होऊन दिसतो. भेकराच्या छातीची कड, पाय, कान, सगळं एवढ्या रुंदीने एकमेकांत मिसळतं. उलट भेकरावर नजर जुळवली, तर माशीची कड दोन मिलिमीटरने पसरते. बंदुकीची माशी बहुतेक वेळा असतेच दोन मिलिमीटर रुंद. म्हणजे ती स्वतःच्याच रुंदीएवढी फिसकटते.

दोन्हीकडे नुकसान सारखंच दिसतं. मग शिकवताना सगळे एकमुखाने 'माशी बघ, माशी बघ' का म्हणतात? कारण पसरलेला डाग सगळीकडून सारखाच पसरतो, आणि अशा डागाचा मध्य मेंदू आश्चर्य वाटावं इतक्या अचूकपणे काढतो. लक्ष्य धूसर झालं तरी त्याचा मध्य हरवत नाही. माशी धूसर झाली तर मात्र फटी किती रुंद आहेत हेच कळेनासं होतं, आणि अर्ध्या मिलिमीटरचा सगळा हिशेब त्या फटींवर उभा आहे. जी चूक पुढे २०० पट होणार आहे तिथे नजर द्यायची, जी एकपटच राहणार आहे ती सोडून द्यायची. खाच नाइलाजाने थोडी धूसर राहतेच, पण दोन्ही बाजूंनी सारखी धूसर असल्याने निभावून जातं.

अर्जुनाला पक्ष्याचा फक्त डोळा दिसत होता ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. धनुष्याला मागची खाच नसते, त्यामुळे त्याचं ठीक होतं. माशी-खाचेच्या बंदुकीवर द्रोणाचार्यांनी परीक्षा घेतली असती, तर 'मला माशी दिसते, पक्षी जरा पुसट आहे' म्हणणारा पुढे गेला असता. शिकारकथांमधून तीक्ष्ण नजरेचं जे कौतुक असतं, ते सावज हुडकण्याच्या बाबतीत खरं आहे. चाप दाबण्याच्या क्षणी मात्र कसोटी लागते ती डोळ्याच्या संयमाची. ज्याच्यासाठी एवढी पायपीट केली, त्याच्यावरून नजर काढून एका लोखंडी खुंटाकडे बघत राहणं मनाला अजिबात पटत नाही. हरीण हललं की नजर आपोआप त्याच्याकडे धावते, फटी बिघडतात, आणि गोळी जाते ती तेव्हाच.

---

घरी करून पाहा

जाड कागदाला टाचणीने बारीक भोक पाडा. भोक डोळ्याला अगदी लागून धरा आणि त्यातून ताणलेल्या हाताचा अंगठा आणि लांबची पाटी एका रेषेत बघा. दृश्य अंधारतं, पण आता अंगठा आणि पाटी दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात. चष्मा काढून पाहिलंत तरी फरक जाणवेल.

भोक म्हणजे कृत्रिम, लहान बाहुली. बाहुली लहान झाली की प्रत्येक ठिपका लहान होतो. डोळे किलकिले करून आपण बसची पाटी वाचतो तेव्हा हेच करत असतो. याच तत्त्वावर बंदुकीची 'पीप साइट' बनते: खाचेच्या जागी मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरचं भोक. त्यातून बघताना मागचा भाग जुळवायचं कामही उरत नाही, कारण भोकाच्या मध्यावर उजेड सर्वांत जास्त असतो आणि डोळा आपोआप तिथे जाऊन बसतो.

---

तांबडं फुटताना

रेंजवरचं लक्ष्य माणसाने धूसर दिसण्यासाठीच बनवलेलं आहे म्हणा ना. पांढऱ्या कागदावर काळा गोल, कितीही फिसकटला तरी गोलच. हरणाचं उलट आहे. तपकिरी पाचोळ्यावर तपकिरी अंग, आणि चितळाच्या पाठीवर तर ठिपक्यांची उन्हं पसरलेली, म्हणजे कड सापडायलाच नको. असं अंग २५ सेंटिमीटरने पसरलं की ते झुडपात मिसळून जातं. म्हणून मुरलेला शिकारी आधी नुसत्या डोळ्याने जागा पक्की करून घेई, पुढच्या पायाच्या वर खांद्यामागची, जिथे काळीज आणि फुप्फुसं असतात. मग बंदूक वर आणून नजर माशीवर ओढायची आणि दोन-तीन श्वासांत काम उरकायचं. जास्त रेंगाळलं तर ती जागा डोळ्यातून निसटते.

त्यात वेळेची अडचण. सांबर आणि भेकर चरायला, पाण्यावर यायला निघतात ती पहाटे तांबडं फुटताना आणि दिवेलागणीला. नेमक्या त्याच वेळी आपली बाहुली सहा मिलिमीटरपर्यंत पसरलेली असते. दोन मिलिमीटरला २५ सेंटिमीटर, तर सहाला ७५. शंभर मीटरवरचं भेकर आता भेकर राहतच नाही, एक सावली होते. आणि काळी माशी काळ्या रानावर दिसतही नाही. म्हणून शिकारी रायफलींच्या माशीवर हस्तिदंताचा किंवा चांदीचा मणी बसवत. काहींवर रात्रीसाठी पांढऱ्या मिन्याचा मोठा मणी असे, लागेल तेव्हा उभा करायचा, एरवी पाडून ठेवायचा.

मण्याचीही एक खोड आहे. ऊन डावीकडून आलं की मण्याचा डावा भाग चकाकतो आणि उजवा सावलीत जातो. डोळा चकाकत्या भागालाच सगळा मणी समजतो आणि त्याला खाचेच्या मध्यावर आणतो. प्रत्यक्षात मणी तेवढा उजवीकडे सरकलेला असतो. गोळीही उजवीकडे, म्हणजे उजेडापासून लांब जाते. सकाळी बरोबर लागणारी बंदूक संध्याकाळी 'फिरली' असं सांगणारे खोटं बोलत नसत; फिरलेला असे तो सूर्य. कागदी लक्ष्यावर मारणारे यावर सोपा उपाय करतात. माशीखाली कापूर पेटवतात, काजळी धरते, आणि कुठूनही उजेड आला तरी माशी काळीकुट्ट दिसते. रानात हा उपाय चालत नाही, कारण तिथे काळं दिसतच नाही.

आणखी एक साधी गोष्ट. दोन मिलिमीटरची माशी डोळ्यापासून ८० सेंटिमीटरवर असेल, तर ती शंभर मीटरवर २५ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा झाकते. दोनशे मीटरवर ५० सेंटिमीटर. तिथे उभं असलेलं भेकर माशीआड बरंचसं लपतं. लपलेल्या प्राण्याच्या कुठल्या भागावर नेम आहे हे मग ज्याचं त्याने मानायचं.

गोळीही पडत असते

नजर सरळ जाते, गोळी नाही. नळीतून सुटल्या क्षणापासून ती खाली पडू लागते, हातातून सुटलेल्या दगडाइतक्याच वेगाने. सेकंदाला ७०० मीटर वेगाने सुटलेल्या रायफलच्या गोळीला शंभर मीटर जायला सुमारे दीड दशांश सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती ११ सेंटिमीटरच्या आसपास खाली येते. दोनशे मीटरवर अर्ध्या मीटरच्या जवळपास. म्हणून खाच नळीच्या मानाने किंचित उंच बसवतात, म्हणजे नळीचं तोंड नकळत वर राहतं आणि एका ठरावीक अंतरावर गोळी आणि नजर भेटतात. जुन्या शिकारी रायफलींवर १००, २००, ३०० यार्डांसाठी वेगवेगळ्या उंचीच्या पात्या असत. अंतर ओळखायचं, तेवढी पाती उभी करायची. दरीपलीकडच्या उतारावर अंतर ओळखण्यात भलेभले फसतात, त्यामुळे पात्या असल्या तरी त्यांचा उपयोग बेताचाच.

म्हणून जवळ

हे सगळं एकत्र केलं की उघड्या माशीच्या शिकारीचं रूप आपोआप ठरतं. शंभर मीटरच्या आत, आणि दाट रानात तर पन्नास-साठ पावलांच्या आत जाणं भाग. मग वारा कुठून येतो ते बघणं आलं, पाचोळ्यावर पाय न वाजवणं आलं, पाणवठ्याजवळ मचाण बांधून रात्र काढणं आलं, किंवा हाकाऱ्यांनी रान उठवून जनावर बंदुकीसमोर आणणं आलं. ही सगळी रीत शौर्यातून किंवा रसिकतेतून आली असं लिहिण्याचा मोह शिकारीच्या पुस्तकांना होतो. माझ्या मते ती डोळ्याच्या सव्वा नंबरातून आली.

दुर्बिणीने हा नंबरच पुसला. तिचं पुढचं भिंग लांबच्या दृश्याची छोटी प्रतिमा नळीच्या आत तयार करतं, आणि नेमाची फुली नेमकी त्याच प्रतिमेच्या पातळीवर बसवलेली असते. डोळ्याकडचं भिंग फुली आणि हरीण दोघांनाही एकाच अंतरावरून दाखवतं. तीन वस्तूंच्या जागी एकच चित्र उरतं. जुळवायची खाच नाही, निवड करायची गरज नाही. मोठं दिसणं हा वरचा फायदा; खरा फायदा हा आहे. शिवाय पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं आणि मोठेपणा चारपट असेल, तर डोळ्याकडे येणारा उजेडाचा झोत १० मिलिमीटर रुंदीचा असतो, म्हणजे पसरलेल्या बाहुलीलाही पुरून उरतो. दिवेलागणीची अडचणही गेली. बदल्यात काय द्यावं लागतं? चारपट दुर्बिणीतून शंभर मीटरवर सुमारे दहा मीटरचाच पट्टा दिसतो, त्यामुळे झाडीतून उसळलेलं जनावर त्यात पकडणं अवघड. एखादा धक्का बसला तर फुली सरकते आणि बाहेरून कळत नाही. कोकणातल्या पावसात तर काचेवर बाष्प धरायला वेळ लागत नाही.

उघड्या माशीचं गुणगान करणाऱ्यांनी एक बाजू टाळू नये. अंतराची मर्यादा पाळली तरच ती बरी. दीडशे मीटरवर डोळ्याला जे दिसतच नाही त्यावर गोळी झाडली, तर ती पोटात किंवा पायात बसते. जखमी सांबर मैलोगणती जातं आणि कुठल्या तरी ओढ्यात दोन दिवसांनी मरतं. त्या मानाने दुर्बिणीतून खांद्यामागे बसलेली एक गोळी कमी क्रूर आहे. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात ठासणीच्या बंदुकांचा वेगळा शिकारी हंगाम असतो आणि त्यात दुर्बीण लावायला मनाई आहे. लांबून मारण्याची सोय काढून घेतली की शिकाऱ्याला जवळ जावं लागतं, आणि जवळ जाता आलं नाही तर हात हलवत परत यावं लागतं.

शिकार बंद, माशी चालू

आपल्याकडे हा प्रश्नच उरलेला नाही. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य प्राणी आणि पक्षी संरक्षणाचा कायदा केला, तेव्हा परवाना काढून ठरावीक हंगामात शिकार करता येत होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तरी काही प्राण्यांसाठी परवान्याची वाट शिल्लक होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती बुजवली. कायद्यातल्या 'शिकार' या शब्दाची व्याप्तीही मोठी आहे. मारणं तर आलंच, पण पकडणं, फासे लावणं, मारण्यासाठी जनावर हाकणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं यांचाही त्यात समावेश होतो. म्हणजे गोळी सुटली नाही तरी हाका घालणारा गुन्हेगार ठरतो. अपवाद थोडे: माणसाच्या जिवाला धोका झालेला प्राणी, बरा न होणारा आजारी प्राणी, किंवा शेतीचं नुकसान करणारे रानडुक्कर, रोही यांच्याबाबत अटींसह मिळणारी वनखात्याची परवानगी.

राधानगरी तालुक्यातलं दाजीपूरचं जंगल पूर्वी कोल्हापूरच्या छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान होतं. १९५८ साली ते अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. याच तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकला. कुस्तीगीर खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. स्वप्नीलच्या रायफलीवर दुर्बीण नव्हती. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत ती चालतच नाही. मागे बारीक भोक आणि पुढे एक कडी, त्या कडीत लक्ष्याचा काळा गोल बरोबर मधोमध बसवायचा. ५० मीटरवर दहाच्या वर्तुळाचा व्यास असतो १०.४ मिलिमीटर. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवलं, तेही अशाच पीप साइटवर.

पण ज्याला खरीखुरी उघडी माशी म्हणावी, तिचं राज्य पिस्तुलावर आहे. पिस्तुलाच्या ऑलिंपिक प्रकारांत भोकसुद्धा चालत नाही, फक्त खाच आणि माशी. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. नेमबाजीत असं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पिस्तूलवाले बहुधा काळ्या गोलाच्या मध्यावर नेम धरतच नाहीत. माशी गोलाच्या खाली, मध्ये पांढऱ्याची एक पट्टी सोडून ठेवतात. काळ्यावर काळी माशी हरवते, पांढऱ्यावर तिच्या कडा लख्ख दिसतात. गोल धूसर तरंगत राहिला तरी हरकत नाही, खाच तेवढी आधीच खालीवर करून घेतलेली असते.

मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. अंजली भागवत एनसीसीतून नेमबाजीकडे आली आणि याच रेंजवर घडली. राज्यातल्या एअर रायफलच्या स्पर्धांमध्ये ओपन साइट आणि पीप साइट असे वेगळे गट असतात आणि बरीच मुलं उघड्या माशीपासून सुरुवात करतात. ती स्वस्त पडते हे खरं. पण तिच्यावर शिकलेल्या मुलाला पुढे भोक मिळालं की हायसं वाटतं. उलट दिशेने येणाऱ्याचे हाल होतात.

ठासणी आणि चाळिशी

रेंजच्या बाहेर उघडी माशी आज सर्वांत जास्त दिसते ती रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्यांच्या घरी. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या या ठासणीच्या बंदुका. निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात आणि नेमकं भात तयार होण्याच्या वेळी रान मोकळं सुटतं, अशी तक्रारही अनेकदा उठते. अशा कित्येक बंदुकांना मागची खाच नसते, नळीच्या टोकाला एक मणी तेवढा. मग खाचेचं काम डोळ्याने करायचं. गाल दस्त्यावर दर वेळी अगदी त्याच जागी टेकला तरच डोळा त्याच उंचीवर येतो; गाल बोटभर उचलला गेला की गोळी डोक्यावरून जाते. नळी आतून गुळगुळीत असल्यामुळे गोळी फिरत नाही, वेगही कमी, त्यामुळे पन्नास मीटरपलीकडे या बंदुकीकडून फार मागू नये.

या बंदुका वापरणारे बरेचजण पन्नाशी-साठीचे आहेत, आणि त्यांच्या डोळ्यांत आणखी एक गोष्ट घडलेली असते. वयाबरोबर भिंग कडक होतं, फुगेनासं होतं. पंचेचाळिशीत तीन-चार नंबरांपर्यंत फुगण्याची ताकद शिल्लक असते. साठीला जेमतेम एक. माशीला सव्वा लागतो. माशीच्या कडा केसाळ दिसू लागतात आणि माणूस बंदुकीला दोष देतो. वाचायची चाळिशी लावली तर आणखी घोटाळा, कारण ती पुस्तकाच्या अंतराची, ३५-४० सेंटिमीटरची असते. तिच्यातून खाच छान दिसते आणि माशी व लक्ष्य दोन्ही हरवतात. लांबच्या चष्म्यात फक्त अर्धा ते पाऊण नंबर वाढवून घेतला तर माशी बऱ्यापैकी जागेवर येते आणि लक्ष्यही पार हरवत नाही. वयस्क नेमबाज बंदूक खांद्याला लावून डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर कुणाकडून तरी टेपने मोजून घेतात आणि तो आकडा कागदावर लिहून डोळे तपासायला जातात. फक्त उजव्या डोळ्याची, किंवा ज्या डोळ्याने नेम धरतात त्याचीच, काच बदलावी लागते.